पट्टीच्या नाकाची धार

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी साडेनऊ. शिवाजी पेठेतलं आमचं धार लावायचं दुकान, मागची खोली.

हजर : मी. धाकटे दीर, म्हणजे दुकानातले मुख्य कारागीर. सर, शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त, दोन हंगामांपासून आमच्यात.

गैरहजर : अक्का. निरोप आला आहे, कारण दिलेलं नाही.

स्नोबोर्ड : तीन, तिन्ही हजर.

बर्फाला निघायच्या आधी तीन आठवडे आम्ही या खोलीत जमतो आणि बोर्ड तपासतो. हजेरी मी लिहिते. यादीही माझीच असते. घरात लग्न असो, गणपती असो, कुणाचं ऑपरेशन असो, आधी माझी यादी होते आणि मग बाकीचं. बर्फाच्या यादीत बावीस ओळी आहेत. पहिली ‘बुटांच्या आतले अस्तर काढून वाळवणे’, शेवटची ‘दुकानाच्या जादा किल्ल्या शेजारी देणे’. काम झालं की ओळीपुढे खूण करायची. खूण दिसली की त्या कामाबद्दल पुन्हा कुणी विचारायचं नाही, असा आमच्याकडचा नियम आहे. इतक्या वर्षांत मी एकदाच न झालेल्या कामापुढे खूण केली. चौदाव्या ओळीपुढे.

कोल्हापुरातल्या दोन बायका पन्नाशीच्या आसपास बर्फावर पाटी बांधून घसरतात, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग ‘पण का?’ विचारतात. म्हणून थोडं मागचं सांगते.

दहाएक वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाची सहल काश्मीरला गेली होती. गुलमर्गला सगळ्याजणी भाड्याचे लांब कोट चढवून फोटो काढत होत्या. अक्का आणि मी चहाचे पेले घेऊन उताराच्या पायथ्याशी उभ्या होतो. वरून एक माणूस दोन्ही पाय एकाच फळीला बांधून आला. बाकीचे लोक फळी आडवी करून बर्फ खरवडत, धुरळा उडवत येत होते. हा तसं काहीच करत नव्हता. तो एका अंगावर इतका कलायचा की त्याचा हात बर्फाला टेकायचा. मग सरळ व्हायचा आणि दुसऱ्या अंगावर कलायचा. धुरळा नाही, आवाज जवळपास नाही. तो निघून गेल्यावर बर्फावर नुसती एक रेघ राहिली, बोटभरसुद्धा रुंद नाही, लांबच लांब वळणं घेत गेलेली.

मी लग्न होऊन धार लावणाऱ्यांच्या घरात आले. विळे, कोयते, कात्र्या, खाटकाच्या सुऱ्या, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. ती रेघ बघून मी पटकन म्हणाले, “अक्का, ही घसरण नव्हे. ही धार आहे. फळीच्या कडेला पोलाद असणार.”

अक्का म्हणाली, “मग आपल्याला यायला काय अडचण हाय? धार तुमच्या घरची.”

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या माहेरी सासरी दोन्हीकडे सीमेकडची बोली, म्हणून तिला सगळे अक्काच म्हणतात, वयानं मोठे असलेलेही. जैन घर, तीन पिढ्यांची गुळाची अडत. सकाळी बाजारात ढेपा आल्या की पारख अक्का करायची. ढेपेची कपरी काढायची, अंगठ्यानं चिरडायची, आणि सांगायची की रवाळ आहे, चिकट आहे, की वरून टणक नि आतून ओला आहे. तिच्या अंगठ्यावर बाजार विश्वास ठेवायचा. ती कधी दोनदा चिरडून बघायची नाही.

आम्ही शिकायला तीन हिवाळे घालवले. पहिल्या हिवाळ्यात नुसत्या पडलो. मधल्या काळात भाड्याच्या दुकानातून विकत घेतलेल्या एका जुन्या फळीवर इथंच गावाबाहेरच्या उतारावर, वाळलेल्या गवतावर सराव करायचो. जानेवारीतलं आपल्याकडचं कुसळी गवत चांगलं गुळगुळीत असतं. पुढे सर आमच्यात आले तेव्हा त्यांनाही तिथंच नेलं. बोर्ड खांद्यावर टाकून सर चढ चढत होते, तर शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, “पावणं, इस्त्रीचं टेबल घिऊन डोंगरात कुठं चाललायसा?”

सर म्हणाले, “कापडं वाळाय घातल्यात वर.”

“मग बाया कशाला?”

“घड्या घालाय!”

तो म्हातारा आम्ही उतरेपर्यंत बसून राहिला. सर सात वेळा पडले. प्रत्येक वेळी त्यानं मोठ्यानं आकडा सांगितला.

आता आमच्याकडे तीन बोर्ड आहेत. तिघांत तीन, पण एकेकाचा एक असं नाही. बर्फ बघून बोर्ड घ्यायचा आणि पाळीनं वापरायचा. ताठ बोर्डाला लागणाऱ्या टणक बुटांचा एकच जोड आहे. अक्काचं आणि माझं पायाचं माप एक, म्हणून निभावतं. बोर्डांची नावं आम्ही स्वयंपाकघरातून आणि शाळेतून आणली.

पहिली परात. रुंद, नाक वर उचललेलं, मऊ. रात्रभर पडलेला ताजा, गुडघाभर बर्फ असला की परात. त्यात अरुंद बोर्ड घातला तर नाक खाली जातं आणि माणूस तोंडावर.

दुसरं उलथनं. मध्यम, कशालाही चालणारं, कशालाच उत्तम नाही. दुपारी बर्फ पार सैल होऊन पेंडीसारखा झाला, ढीग साचले, की उलथनं. सर त्याच्यावरच असतात.

आणि तिसरी पट्टी. शाळेतल्या लाकडी फूटपट्टीसारखी अरुंद, लांब आणि ताठ. दोन माणसांनी धरून वाकवली तरी जेमतेम वाकते. एका परदेशी पाहुण्याला परत जाताना सामान हलकं करायचं होतं, त्याच्याकडून ती मिळाली. रात्री गोठून, यंत्रानं सपाट करून ठेवलेल्या सकाळच्या कडक बर्फावर पट्टीला तोड नाही. ती रेघ, जी आम्ही पहिल्या वर्षी बघितली होती, ती फक्त पट्टीनं निघते. आम्ही तिला ‘रेघ ओढणं’च म्हणतो. पट्टी उभी कलवायची, अंग टाकायचं आणि हात आवरता घ्यायचा. आपण वळवायचं नाही. कड बर्फात बसली की वळण तिचं ती पुरं करते. घाबरून अर्ध्यात सोडलं तर रेघ फाटते.

कुठला बोर्ड घ्यायचा हे अक्का ठरवायची. वाकून मूठभर बर्फ घ्यायचा, अंगठ्यानं चिरडायचा. “ढेप हाय. पट्टी घे.” “चिकटाय लागला, बदल.” मी वहीत वेळ आणि बोर्ड लिहून ठेवायची. सहा वर्षांच्या नोंदी आहेत. अक्काचा अंगठा चुकल्याची एकही नाही.

आता चौदावी ओळ.

गुलमर्गच्या एका म्हाताऱ्या शिकवणाऱ्यानं आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. बोर्डाची कड मधे हवी तेवढी धारदार करा, पण नाकाकडची आणि शेपटीकडची चार-चार बोटं दगडानं घासून बोथट करा. नाकानं वाट दाखवायची, कापायचं मधल्या कडेनं. नाकाला धार राहिली तर कडक बर्फात एक वेळ खपून जातं. बर्फ वरून सैल झाला की मात्र नाक आत रुततं आणि माणसाच्या आधी वळतं. मी घरी येऊन ते यादीत घातलं : ‘१४. पट्टी – नाक व शेपटी, चार बोटं धार बोथट करणे.’

पहिली काही वर्षं पट्टीची धार आम्ही आमच्या हातानं, जेमतेम लावायचो. मागच्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी दीर म्हणाले, “वैनी, द्या इकडं. किती दिवस असं कानस घासत बसणार?” आणि त्यांनी तिला धार लावली. काय लावली! नखावरून अलगद फिरवली तरी पापुद्रा निघावा. नाकापासून शेपटीपर्यंत, एका दमात, कुठं खंड नाही.

मी यादी काढून म्हटलं, “भावजी, टोकाची चार बोटं मारून टाकायची.”

“म्हंजे?”

“बोथट करायची.”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी दुकानाला आग लावायला सांगितली. “बोथट माल या दुकानातनं भाईर गेला न्हाय आजवर. वडलांच्या वेळेपासनं. मी न्हाय करणार.”

हे कुणाला हट्ट वाटेल. आमच्या घरी तसं वाटत नाही. खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पुसून ओळीनं मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. त्या ओळीत पट्टीही उभी असते. कोयत्यांच्या शेजारी, तिच्या नाकावर कुंकू. लावलेल्या धारेवर दगड फिरवणं म्हणजे घास ताटातून मातीत टाकण्यासारखं. खरं सांगायचं तर माझाही हात धजला नाही. दगड माझ्या हातात होता. पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, तिथं पोचल्यावर हॉटेलात करू. यादीत आता फक्त तीच एक ओळ उघडी होती, आणि उघडी ओळ ठेवून मला झोप लागत नाही. मी खूण केली. यादी घडी करून पट्टीच्या पिशवीच्या खणात ठेवली.

हॉटेलात केलं नाही. पहिल्या दिवशी थकलो होतो, दुसऱ्या दिवशी ताजा बर्फ होता आणि परात काढली, तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन आणि कडक उतार. पट्टीवर दोन फेऱ्या माझ्या झाल्या, एक अक्काची. अप्रतिम. दिरांची धार रेघ अशी काढत होती की मी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

साडेअकराच्या सुमारास अक्कानं बर्फ चिरडला. “वरनं बोटभर सुटलाय, खाली ढेप हाय. पट्टी जाईल अजून. एकच फेरी करते.”

त्या क्षणी मला चौदावी ओळ आठवली. आठवली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणू शकत होते, थांब, दगड पिशवीत आहे, पाच मिनिटं दे. मग खूण आधी का केली हे सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, “जा.”

पहिलं वळण सुरेख गेलं. दुसरंही. तिसऱ्याला ती पायाच्या बोटांच्या अंगावर कलली आणि पट्टीचं नाक सैल बर्फात असं आत गेलं, जसं कुणी खालून धरून ओढलं. पट्टी तिच्या आधी वळली. अक्का पुढे फेकली गेली, डाव्या हातावर.

मनगट मोडलं. तिला खाली नेत होते तेव्हा सामान गोळा करायला मी मागे राहिले. पट्टीच्या नाकावरून नख फिरवलं. पापुद्रा निघाला.

परतताना विमानात अक्का खिडकीकडे बघून बोलत होती. “मनगटाचं काय न्हाय गं. हाडच ते, भरून येईल. पण मी चुकले. मला वाटलं खाली ढेप हाय, ती नसणार. अंगठा गेला माझा. आणि गुडघाबी वेळेवर उठला न्हाय. वय झालं, दुसरं काय.”

तिनं माझ्याकडून काही ऐकायची वाट बघितली असं मला आता वाटतं. मी प्लॅस्टरच्या तारखा लिहीत होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. प्लॅस्टर निघालं तरी अक्का बाजारात जाईना. मग जायला लागली, पण गुळाला हात लावीना. पारख पुतण्याकडे दिली. मोडलं होतं डावं मनगट, पारख उजव्या अंगठ्याची. तरी लोकांनी ‘हात अधू झाला’ म्हणून मान्य करून टाकलं. अक्कानंही. दिवाळीत फराळ घेऊन गेले तर ती म्हणाली, आता बसूनच असते बाई, बरं वाटतं. तिला बरं वाटत नव्हतं. मला दिसत होतं. फराळाचे डबे परत न्यायचे विसरू नये म्हणून मी तिथंच हातावर पेनानं लिहिलं आणि घरी आले.

तर, जानेवारीतला तिसरा रविवार. अक्काचा निरोप सरांच्या फोनवर आला होता. सरांनी वाचून दाखवला : “माझी पाळी तुम्ही घ्या. बूटबी घ्या.”

“बूट कसले घेऊ?” सर म्हणाले. “माझा पाय दहा नंबरचा. त्यात माझा अंगठा तेवढा जाईल.” कुणी हसलं नाही, मग त्यांनी फोन खिशात ठेवला.

मी म्हटलं, चला, कामाला लागू. परातीचं जुनं मेण खरवडून झालं. उलथन्याच्या तळाला दगडाचा ओरखडा होता, तो भरून घेतला. मग दिरांनी पट्टीची पिशवी उघडली. वर्षभर ती कुणी उघडली नव्हती; या खंडेनवमीला पट्टी मी ओळीत मांडलीच नव्हती. कडेला थोडा गंज धरला होता. त्यांनी खण चाचपला आणि घडी केलेला कागद काढला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचायला लागले. त्यांना सगळं मोठ्यानं वाचायची सवय आहे.

“बारा, बुटांच्या पकडींचे स्क्रू. खूण. तेरा, तळाला मेण. खूण. चौदा…” ते थांबले. “वैनी, चौदाला खूण हाय की. हे केलंसा तुम्ही? मी तर न्हाय म्हटलोतो.”

मी मेणाचा डबा बंद केला.

“तितं जाऊन केलंसा?”

“नाही.”

दिरांनी पट्टी उजेडाला धरली. नाकावर नख टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. त्यांना बर्फाचं काही कळत नाही, ते कधी आलेले नाहीत. पण धारेचं कळतं. त्यांनी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. बाहेर गिऱ्हाईक विळा घेऊन उभं होतं आणि दगडावर विळा वाजवत होतं.

“अक्कांना म्हाईत हाय हे?” दिरांनी विचारलं.

“नाही.”

“अवं मग सांगायचं की!” एवढं बोलून ते गिऱ्हाईकाकडे गेले. सर बूट चढवत म्हणाले, “मी येऊ का बरोबर?” मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कळंब्याला गेले. अक्काचं घर तिकडेच, आणि सकाळी ती तळ्याच्या बांधावर फिरते. थंडी होती. तिनं कानाला मफलर गुंडाळला होता. मला बघून म्हणाली, “आज कुठली यादी घेऊन आलीस?”

खरोखरच यादी घेऊन आले होते. मी तिच्या हातात दिली. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला, मग म्हणाली, “चष्मा घरी हाय. वाच तूच.”

“चौदा. पट्टी, नाक व शेपटी, चार बोटं धार बोथट करणे.”

“बरं. पुढं खूण दिसतीया.”

“खूण आहे. काम केलं नव्हतं.”

ती चालत राहिली. मी तिच्या बरोबरीनं चालत सगळं सांगितलं. दिरांनी लावलेली धार, माझ्या हातातला दगड, हॉटेल, आणि तू बर्फ चिरडलास तेव्हा मला आठवलं होतं, हेसुद्धा. ते सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण तेच सगळ्यात अवघड होतं. बांधावरून पलीकडच्या झाडापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो. फिरायला आलेल्या एका बाईनं ‘काय अक्का, आज जोडीनं?’ म्हणून विचारलं. अक्कानं नुसती मान हलवली.

मग म्हणाली, “म्हंजे खाली ढेप होती.”

“होती.”

“बोटभर सुटलावता. तेवढाच.”

“तेवढाच. तू बरोबर सांगितलंस.”

“आणि गुडघा?”

“गुडघा काय करणार? नाक आधी वळलं.”

तिनं उजवा हात मफलरमधून काढला आणि अंगठ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हायसं वाटेल तिला. ती थांबली ती रागानं.

“वर्षभर मी गुळाला हात लावला न्हाय. तुला म्हाईत होतं?”

“होतं.”

“पुतण्यानं दोनदा चिकट माल रवाळ म्हणून घेतला. मला शेजारी बसून दिसत होतं. मी बोलले न्हाय. म्हटलं, आपलाच अंगठा गेला, पोराला काय तोंडानं सांगायचं? हे म्हाईत होतं?”

“हे नव्हतं.”

“पण मी बसून हाय, हे म्हाईत होतं.”

“हो.”

“मनगटाचं सोड,” अक्का म्हणाली. “बर्फावर जायचं म्हंजे हाडं मोडणार. त्याचं मी तुला कधी काय म्हटलं नसतं. तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दवाखान्यात शिव्या घातल्या असत्या आणि संपलं असतं. पण तू मला म्हातारी होऊ दिलीस गं. फराळाचे डबे घेऊन येत होतीस आणि मला म्हातारी होऊ देत होतीस.”

मी कागद घडी केला.

“जा आता,” ती म्हणाली. “मला चालायचंय.”

दोन दिवस तिचा फोन आला नाही. मी केला नाही. पुढची कामं चालू ठेवली : मेण, स्क्रू, मोजे, औषधं. चौदा उघडी ठेवली. दगड हातात घेऊन पट्टीसमोर एकदा बसले होते, पण अक्काच्या नकळत ते काम उरकणं मला बरोबर वाटलं नाही. दीर येता-जाता पट्टीकडे बघायचे आणि पुन्हा यंत्राकडे जायचे.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दुकानाच्या दारात रिक्षा थांबली. अक्का उतरली. बाजारातून थेट आली होती. कपड्यांना गुळाचा वास येत होता.

“कुठाय ती?”

मी मागच्या खोलीतून पट्टी आणली. तिनं ती टेबलावर आडवी ठेवायला सांगितली आणि नाकावर अंगठ्याचं नख टेकवलं. पापुद्रा निघाला तो तिनं फुंकून टाकला.

दीर हात पुसत आत आले. “अक्का, चूक माझीबी हाय. वैनी म्हणत होत्या बोथट करा. माझा हात धजला न्हाय.”

“तुम्ही गप बसा,” अक्का म्हणाली. “तुम्ही न्हाय म्हटलासा. खोटं न्हाय बोललासा.”

दिरांनी फडकं खांद्यावर टाकलं.

“घे दगड,” ती मला म्हणाली. “माझ्यासमोर कर.”

मी दगडावर तेल टाकलं. नाकापासून चार बोटं मोजून पेन्सिलीनं खूण केली. पहिला घासा मारताना माझा हात खरंच अडला. इतकी सुंदर धार. दिरांनी पाठ फिरवली आणि दगडाचं यंत्र सुरू केलं, कुठलाही विळा हातात नसताना. मी एक बाजू केली, मग दुसरी. दर पाच-सहा घाशांनी अक्का नख टेकवून बघायची. “अजून.” “अजून.” शेवटी नख नुसतं घसरलं.

“आता झाली.”

मी पट्टी फिरवून शेपटी पुढे घेतली. अक्कानं माझ्या हातातून दगड काढून घेतला. “ही माझी.”

तिनं डाव्या हातानं पट्टी दाबून धरली आणि उजव्यानं घासायला लागली. पट्टी ताठ, आणि घासताना दाबून धरायला चांगलाच जोर लागतो. तीन घाशांनंतर तिनं डावा हात काढून मनगट झटकलं. पुन्हा धरलं. दोन घासे. मग दगड खाली ठेवला आणि मनगट दुसऱ्या हातानं दाबत उभी राहिली.

मी पुढे झाले. “धरू का मी?”

“न्हाय.”

“नुसतं धरते. घास तूच.”

“न्हाय म्हटलं ना. मनगट तयार झालं की मी येऊन करीन. तोवर कुणी हात लावायचा न्हाय. भावजी, तुम्हीबी न्हाय.”

“मी कशाला लावू?” दीर यंत्राच्या आवाजावर ओरडले. “मला सांगूनबी लावणार न्हाय!”

अक्का हसली. वर्षभरात पहिल्यांदाच असं मी म्हणणार नाही, ती अधूनमधून हसत होतीच. पण हे हसणं आवाजाचं होतं.

चहा मागवला. ती बसली. आज सकाळी बाजारात पुतण्या कपरी काढत होता, तेव्हा तिनं शेजारून हात घातला होता, एवढं सांगितलं. पुतण्या काय म्हणाला हे सांगितलं नाही. मी विचारलं, या वर्षी येणार का. ती म्हणाली, “आधी मला बाजारात महिनाभर उभं राहू दे. बर्फ कुठं पळून जातोय?” म्हणजे या खेपेला नाही. कदाचित उशिराच्या खेपेला, फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा दुपारचा बर्फ सैल होतो आणि कुणीतरी चिरडून सांगायला लागतं. तिनं हो म्हटलेलं नाही. मला माफ केलं का, हेही मी विचारलं नाही. तो प्रश्न यादीत घालण्यासारखा नाही.

निघताना तिनं माझी वही मागितली. आता चष्मा आणला होता. चौदावी ओळ काढून म्हणाली, “हिचे दोन भाग कर. आणि पुढं नाव लिही, कोण करणार त्याचं. नुसती खूण नको. आता तुझ्या खुणेवर मी चालत न्हाय.”

मी तिच्यासमोर लिहिलं.

आता पट्टी मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे, नाक वर. परवा आम्ही दोघंच, सर आणि मी, परात आणि उलथनं घेऊन निघतो. ताज्या बर्फाचा अंदाज आहे, त्यामुळे पट्टीवाचून अडणार नाही, आणि अडलं तरी ती जाणार नाही. वहीतल्या एकवीस ओळींपुढे खुणा आहेत, प्रत्येकीपुढे नाव आहे. चौदावी अशी आहे :

१४ (अ). पट्टी – नाक, चार बोटं धार बोथट करणे. मी. अक्कासमोर. झालं.

१४ (ब). पट्टी – शेपटी, चार बोटं धार बोथट करणे. अक्का. पाच घासे झाले. बाकी.